वरचे ठिपके

"हे वरचे ठिपके दिसतात ना, ते कोट्यातून वर गेलेत," सर म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

पडद्यावर माझा आलेख होता. मी काढलेला. नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या ऑफिसची मोठी खोली, लांब टेबल, एसी, समोसे, कागदी कपांत चहा. टेबलाच्या पलीकडे कोळसा कंपनीचे अधिकारी, अलीकडे सर आणि माझी सहकारी मृणाल. मला टेबलाशी खुर्ची नव्हती. मी पडद्याजवळ लॅपटॉपपाशी उभी होते. सर 'पुढे' म्हणाले की बटण दाबायचं, 'मागे' म्हणाले की मागचं चित्र आणायचं. एवढंच माझं काम होतं त्या दिवशी.

एक अधिकारी मुद्दाम मान वळवून माझ्याकडे बघत होता. मला विनोद कळला का, हे त्याला बघायचं असावं. कळला होता. आम्हाला हा विनोद शाळेतच कळतो, कोणी समजावून सांगावा लागत नाही. मृणाल समोशाच्या बशीकडे बघत बसली. आणि मी? सगळे हसले म्हणून माझेही ओठ हलले. हसल्यासारखे. सरांपेक्षा त्या ओठांचा राग मला जास्त दिवस पुरला.

"वेग आहे बाईंच्या हाताला," सर पुढे म्हणाले. "डोक्याला तेवढं वळण लावतोय आम्ही. मॅडम, मागे."

मी बटण दाबलं. माझा आलेख गेला. सरांनी ठरवून दिलेला आला.

सरांचं आडनाव मी सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, हिचा एका माणसावर राग आहे. एका माणसाची गोष्ट असती तर मी लिहायला बसले नसते. नागपूरच्या जुन्या घरांपैकी त्यांचं घर. आजोबा सरकारी कचेरीत, वडील वकील, हे पर्यावरण सल्लागार. वागायला अतिशय गोड. आवाज कधी चढवणार नाहीत. माझ्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, "मूळच्या कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, सावनेरकडची. "हो, पण मूळ?" मी पुन्हा सावनेर म्हटलं. मग ते हसले. म्हणाले, "असू दे, आम्ही ते काही मानत नाही." मानत नाही, तर दोनदा विचारलं काहून? हे तेव्हा सुचलं नाही. नोकरी हवी होती.

संख्याशास्त्रात एमएस्सी केलं होतं मी. ऑफिसात माझं काम होतं आकड्यांचे तक्ते बघणं आणि त्यांचे आलेख काढणं. त्यासाठी आर नावाची संगणकाची भाषा आहे. संख्याशास्त्रवाल्यांची भाषा. तिची एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडते. तक्ता वाचून घ्यायचा, 'प्लॉट' लिहायचं, कंसात तक्त्याचं नाव टाकायचं, एंटर. झालं. प्रत्येक रकाना दुसऱ्या प्रत्येक रकान्यासमोर मांडला जातो आणि पडद्यावर चौकटीच चौकटी येतात, ठिपक्यांनी भरलेल्या. शीर्षक नाही, रंग नाहीत. रकान्यांची नावं कशीबशी लिहिलेली. दिसायला कुरूप. पण तो दुसऱ्याला दाखवायचा नसतोच. घरातून निघताना आपण आरशात एकदा बघून घेतो, तसा तो असतो. आपल्या आकड्यांत काय आहे ते एका नजरेत कळतं.

सरांना माझी ही सवय आवडत नसे. "आधी काय दाखवायचं ते ठरवावं, मग आलेख काढावा," असं ते म्हणत. मी उलटं शिकले होते. आधी काढायचा, मग बघायचं, मग तोंड उघडायचं. तोंड उघडण्याची पाळी मात्र येत नसे. मी काढायचे, सर सांगायचे.

ही विभागणी मला नवी नव्हती. तालुक्याच्या शाळेत असताना विज्ञान प्रदर्शन होतं. मी ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर पावसाचा स्तंभालेख काढला होता. कोणत्या महिन्यात किती पाऊस, सगळं मापून, पट्टी लावून. बाईंना फार आवडला. प्रदर्शनाच्या दिवशी त्या म्हणाल्या, "तू काढलंस छान. पण सांगायला ही उभी राहील. हिचे उच्चार स्वच्छ आहेत. तू मागे थांब, पाणीबिणी लागलं तर." ही म्हणजे एका डॉक्टरांची मुलगी. तिनं माझा आलेख सांगितला. जून कुठे संपतो आणि जुलै कुठे सुरू होतो ते तिला धड कळत नव्हतं, पण उच्चार स्वच्छ होते. बिल्ला तिला मिळाला. मी पाणी आणलं. घरी आल्यावर माय म्हणाली, "बाईले आवडला न? मंग झालं तं." मायला वाटलं तेवढं पुरे आहे. मला नाही वाटलं.

ऑफिसात रुजू झाले त्याच महिन्यात एका बैठकीत माझ्या तोंडून निघालं, "मले वाटते, हा आकडा चुकला आहे." सर हसून म्हणाले, "मले? अहवालातही 'मले'च लिहिणार का मॅडम?" आकडा खरंच चुकला होता. त्यावर कोणी काही बोललं नाही. 'मले'वर मात्र आठवडाभर चहाच्या वेळी हसणं चालू राहिलं. तेव्हापासून मी बैठकीत बोलणं सोडलं.

आता त्या आलेखाकडे येते.

सावनेरच्या पलीकडे कोळशाची सायडिंग आहे. खाणीतून कोळसा टिप्परमध्ये भरून तिथं येतो आणि मालगाडीत चढतो. टिप्परचा रस्ता आमच्या मोहल्ल्यातून जातो. मोहल्ला म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं, मध्ये टिप्पर. माझी माय तिथं राहते. ताट वाढायचं तर आधी पुसायचं आणि मग लगेच झाकायचं, ही आमच्याकडची रीत. पाहुण्याला नवल वाटतं. मायला सकाळी छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब राहा. कुठे राहणार लांब?

कंपनीला टिप्पर वाढवायचे होते. त्यासाठी आधी धूळ मोजायची, अहवाल द्यायचा, मग गावकऱ्यांसमोर जनसुनावणी. अहवालाचं काम आमच्या ऑफिसला मिळालं. प्रश्न एकच होता. धूळ मर्यादेच्या वर निघाली, तर कंपनीला वस्तीच्या बाहेरून नवा रस्ता काढावा लागणार. मर्यादेत निघाली, तर रस्ता आहे तिथंच राहणार आणि टिप्पर वाढणार. मोहल्ल्यातलं लहान पोरही हे सांगू शकत होतं.

शाळा, तहसील आणि कंपनीचं गेस्ट हाउस, या तीन जागी छतावर यंत्रं बसवली. ती आपोआप आकडे पाठवायची. मोहल्ल्यात यंत्र ठेवायला पक्कं छत नव्हतं. तिथं हातात धरायची यंत्रं दिली आणि ती आमच्या शेजारच्या शालूताईंच्या बचत गटातल्या बायकांनी चालवली. त्यांना मीच शिकवलं. यंत्र कुठे धरायचं, किती वेळ थांबायचं, आकडा फोनवर कसा भरायचा. शालूताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आमचे फोन मराठीत करून दे वं. इंग्रजीत गडबड होते." मी करून दिले.

रोज सकाळ-संध्याकाळ त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहत. टिप्परवाले हॉर्न मारून चिडवत. एकानं विचारलं, "काय मोजून राहिल्या वं?" शालूताईंनी सांगितलं, "तुह्या बापाची धूळ." हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं.

सगळे आकडे आले. ऑफिसची एक ठरलेली पद्धत होती. तक्ता आला की आधी एक जुना प्रोग्राम चालवायचा, तो सगळे रकाने अंकांत बदलतो. जे बदलता येत नाही ते रिकामं होतं. आर तेव्हा खाली तांबड्या अक्षरांत एक इशारा देते. त्याकडे बघायचं नाही, ही पण ऑफिसचीच पद्धत. मी प्रोग्राम चालवला, प्लॉट लिहिलं, कंसात तक्त्याचं नाव, एंटर.

चौकटी आल्या. जागांना तक्त्यात क्रमांक दिले होते, त्या रकान्यासमोर प्रत्येक जागेच्या ठिपक्यांची उभी रांग दिसायला हवी. शाळेची होती. तहसिलीची होती. गेस्ट हाउसची होती. मोहल्ल्याच्या जागी कोरा पट्टा. सकाळच्या धुळीच्या चौकटीत कोरा, संध्याकाळच्या चौकटीत कोरा, टिप्परच्या चौकटीतही कोरा. एवढ्या बाया एवढे दिवस उभ्या राहिल्या, आणि एक ठिपका नाही.

मूळ तक्ता उघडून बघितला. आकडे होते. सगळे होते. फक्त मराठीत होते. फोन मराठीत, म्हणून अंकही देवनागरी. आरला तो अंक वाटत नाही, काहीतरी अक्षर वाटतं. म्हणून तिनं सगळा मोहल्ला रिकामा केला होता. मराठी बाईनं मराठीत आकडा लिहिला, आणि तो आकडाच नाही. मला हसू आलं आणि मग फार चीड आली. आरची नाही, ती बिचारी यंत्रासाठी बनवलेली. चीड आली त्या इशाऱ्याकडे न बघण्याच्या पद्धतीची. तांबड्या अक्षरांत ती सांगत होती की काहीतरी गळतंय. ऑफिसात कोणाला ऐकायचं नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. देवनागरी शून्य ते नऊ एकीकडे, इंग्रजी शून्य ते नऊ दुसरीकडे, याच्या जागी ते घाल. पुन्हा प्लॉट. एंटर.

कोरा पट्टा भरला. आणि ठिपके बाकी सगळ्यांच्या वर जाऊन बसले. शाळा, तहसील, गेस्ट हाउस खाली दाटीनं, आणि मोहल्ला वर, मर्यादेच्याही वर. टिप्परच्या चौकटीत तर स्पष्टच दिसत होतं, टिप्पर वाढले की धूळ वाढते. माय जे रोज सांगते ते पहिल्यांदा मला पडद्यावर दिसत होतं. मला आनंद झाला, हे खरं सांगते. वाटलं, आता रस्ता हलणार.

मी तो आलेख तसाच, कुरूप, सरांना दाखवला आणि आकडे आधी कसे गळले होते तेही सांगितलं. सरांनी नीट बघितला. म्हणाले, "पाठवून ठेव." मला वाटलं, पटलं. त्यानंतरचं मी सुरुवातीलाच सांगितलं. कंपनीच्या लोकांसमोर त्यांनी तो पडद्यावर लावला आणि कोट्यातला विनोद केला.

पाहुणे गेल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मृणालही होती.

"ते मोहल्ल्याचे आकडे काढून टाक," सर म्हणाले.

"का सर?"

"हाताने भरलेले आहेत. त्या बायका काय भरतात, आपल्याला काय माहीत?"

"सर, मी शिकवलंय त्यांना. शाळेच्या यंत्राशेजारी धरून तपासून घेतलंय. आकडे जुळतात."

सर शांतपणे म्हणाले, "हे बघ, ते आधी बाद झालेच होते. आपण काही केलं नव्हतं. तूच परत आणलेस. त्यांना बाद राहू दे. बाकीच्यांची सरासरी घे आणि एक छान गुळगुळीत रेघ काढ. लोकांना रेघ कळते, ठिपके कळत नाहीत."

मी मृणालकडे बघितलं. तिनं वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "चुकीचंच आहे गं हे. पण तू जास्त ताणू नकोस." ती मनानं चांगली आहे. चांगली माणसं माझ्या आयुष्यात खूप आली. सगळी हळूच बोलतात.

आरनं ते आकडे न कळता बाद केले होते. सरांनी कळून केले. आणि हात माझा वापरणार होते. मी ती रेघ काढली. नोकरी होती, मायचं औषध माझ्या पगारातून येत होतं, आणि नाही म्हणायची सवय नव्हती. निळी, गुळगुळीत, मर्यादेच्या खाली सरळ जाणारी रेघ. फार सुंदर दिसत होती.

सुनावणीचा मांडव सावनेरजवळच्या मैदानात होता. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टेजवर सरकारी अधिकारी, त्यांच्यासाठी कूलर. पोलीस. मोहल्ल्यातली माणसं कामावर खाडा करून आली होती. मायही आली होती. मी स्टेजच्या कडेला लॅपटॉपपाशी बसलेली बघून तिनं शेजारणीला हात लावून दाखवलं. तिच्या तोंडावर कौतुक होतं. मला तिच्याकडे बघवेना.

सर बोलले. फार छान बोलले. 'पुढे' म्हणाले, मी बटण दाबलं. 'पुढे' म्हणाले, मी बटण दाबलं. मग ती निळी रेघ आली. सर म्हणाले, परिसरातली धूळ मर्यादेत आहे, नव्या रस्त्याची गरज आढळत नाही.

शालूताई उठल्या. त्यांच्या हातात माईक नव्हता, पण त्यांना लागतही नाही.

"साहेब, त्या पडद्यावर शाळा लिहिली आहे, तहसील लिहिली आहे, गेस्ट हाउस लिहिलं आहे. आमचा मोहल्ला कोठी आहे? आमी तं रोज यंत्र धरून उभ्या राहत होतो न."

मांडवात कुजबुज सुरू झाली. सर गोड हसले. "ताई, तुमचे आकडे तांत्रिक कारणामुळे घेता आले नाहीत. ते कारण आमच्या मॅडम सांगतील. तुमच्याच वस्तीतली मुलगी आहे. तुमच्या भाषेत सांगेल." आणि माईक माझ्यापुढे केला. खाली वाकून हलकेच म्हणाले, "दोन वाक्यांत आटप."

एवढ्या दिवसांत त्यांनी मला बोलायला सांगितलं नव्हतं. माझी भाषा त्यांना चालत नव्हती. आज चालत होती. खोटं मोहल्ल्याच्या गळी उतरवायचं होतं, त्यासाठी मोहल्ल्याचंच तोंड हवं होतं. रेघ माझ्या हातानं काढून घेतली, आता खोटंही माझ्याच जिभेनं. मला ते तिथं, त्या स्टेजच्या कडेला, लख्ख दिसलं. आत्तापर्यंत मला वाटायचं, माझा अपमान हा की मला बोलू देत नाहीत. खरा अपमान हा होता, की ते मला बोलायला लावताहेत.

मी माईक घेतला.

"तांत्रिक कारण नाई," मी म्हटलं. आवाज मांडवाच्या टोकाच्या कर्ण्यातून परत माझ्याच अंगावर आला. "तुमचे आकडे चांगले आहेत. ते काढून टाकायले सांगितलं मले."

सर "मॅडम, मॅडम" म्हणत होते. मी खाली बसले, निळी रेघ बंद केली आणि आर उघडली. मूळ तक्ता वाचून घेतला. अंक बदलायची ओळ टाकली. प्लॉट लिहिलं, कंसात तक्त्याचं नाव, एंटर. हे सगळं मोठ्या पडद्यावर लोकांना दिसत होतं. बोटं दोनदा चुकली, तेही दिसलं. मग चौकटी आल्या. कुरूप. रकान्यांची नावं अर्धवट. मी उठून पडद्याजवळ गेले आणि हात लावून सांगितलं, "ही शाळा. ही तहसील. हे गेस्ट हाउस. आणि हा वर आपला मोहल्ला. सरकारनं ठरवलेली हद्द इथं धरा, माझा आडवा हात आहे तिथं. आपण तिच्या किती वर आहोत, पाहा."

लोकांना ठिपके कळत नाहीत म्हणे. मागच्या रांगेतली माणसं उठून पुढे आली. शालूताईंनी विचारलं, "हे सगळे आपले होय का वं?" मी म्हटलं, "हो. तुमी मोजलेले."

पडदा निळा झाला. सरांनी केबल ओढली होती. "लॅपटॉप ऑफिसचा आहे," ते म्हणाले. आवाज तेव्हाही चढवला नाही त्यांनी.

स्टेजवरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे आत्ता दाखवलं ते अहवालात आहे का?" सर म्हणाले, नाही. अधिकारी म्हणाले, "मग नोंदवता येणार नाही. हरकत असेल तर लेखी द्या." आता मांडवात आरडाओरडा सुरू झाला. खुर्च्या आपटल्या. शेवटी सुनावणी पुढे ढकलली. तारीख कळवू म्हणाले. मोहल्ल्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ते कुठेच नोंदलं गेलं नाही. याची तडफड मला अजून होते.

गाडीत बसण्याआधी सर माझ्याजवळ आले. "मी तुला घडवलं," ते म्हणाले. "आणि तू शेवटी जात दाखवलीस." हे शब्द जसेच्या तसे लिहिते आहे. आम्ही ते काही मानत नाही म्हणणाऱ्या माणसाचे आहेत. मी या वेळी हसले नाही. ओठही हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचं दार माझ्यासाठी बंद झालं. मृणालचा निरोप आला, तुझं बरोबर होतं गं, पण पद्धत चुकली. कोणती पद्धत चुकली नसती, ते तिनं लिहिलं नाही.

आणि माय. मला वाटलं होतं ती जवळ घेईल. ती चिडली. "काहून बोलली वं तू? त्यायचं काय गेलं? तुही नोकरी गेली. टिप्पर तं चालूच हाये." खरं होतं तिचं. तेवढ्यात दारावरून टिप्पर गेला आणि भिंतीवरची भांडी वाजली. माय दोरीवरचे कपडे काढत पुटपुटली, "हे बी आता परत धुवा लागन." मी तिच्या हातातले कपडे घेतले, तर तिनं घेऊ दिले नाहीत. तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी तिला दोष देत नाही. रागही येतो मात्र. आपलीच माणसं आपल्याला गप्प राहा म्हणतात तेव्हा येणारा राग वेगळा असतो, तो कुठे काढायचा ते कळत नाही.

पुढच्या आठवड्यात ऑफिसचा माणूस एक कागद घेऊन घरी आला. त्यावर छापलं होतं, की सुनावणीत दाखवलेला आलेख माझी वैयक्तिक चूक होती, आकडे तपासलेले नव्हते, मला खेद आहे. खाली सही करायची. सही केली तर अनुभवाचा दाखला मिळणार, दुसरी नोकरी शोधायला अडचण येणार नाही. तो माणूस दारातच उभा होता. मायनं त्याला पाणी दिलं आणि माझ्याकडे बघत राहिली. कर म्हणाली नाही. करू नको, असंही म्हणाली नाही.

मी पेन घेतला. जिथं सही करायची तिथं लिहिलं, आकडे खरे आहेत. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, ठसठशीत. कागद त्याच्या हातात परत दिला. तो म्हणाला, "ताई, हे नाई चालणार." मी म्हटलं, "हेच चालन. घेऊन जा गा."

दाखला मिळाला नाही. नोकरी अजून नाही. एका ठिकाणी मुलाखत होती, त्यांना माझ्याबद्दल आधीच फोन गेला होता. असे फोन पुढेही जातील, मला माहीत आहे. टिप्पर चालू आहेत. मायची छाती तशीच आहे.

मोहल्ल्याची लेखी हरकत मी लिहिली आहे. तिला बायकांच्या फोनमधून परत उतरवलेला तक्ता जोडला आहे आणि तो कुरूप आलेखही, एकही ठिपका न गाळता. प्रत्येक आकड्यापुढे तो मोजणाऱ्या बाईचं नाव आहे. कोणाला बाद करायचा असेल, तर आता तिच्या नावावर काट मारून करावा लागेल. सुनावणीची तारीख लागली की मी तिथं जाणार आहे. कोणी माईक देईल याची वाट बघणार नाही. मी तो स्वतः उचलणार, आणि रस्ता हलल्याशिवाय खाली ठेवणार नाही.